रॅरिटन बे, स्ट्राइपर आणि १८ फुटी बोट: बंकर दिसतो पण मासा लागत नाही

नवा_तांडेल
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी आणि एका मित्राने मिळून मागच्या हिवाळ्यात जुनी १८ फुटी सेंटर कन्सोल (मधोमध स्टिअरिंगवाली उघडी बोट) घेतली, कीपोर्टच्या रॅम्पवरून टाकतो. एप्रिल संपत आलाय, रॅरिटन बे या खाडीत बंकर (मेनहेडन, स्ट्राइपरचं आवडतं खाद्य) नुसता खदखदतोय, पाण्यावर पाऊस पडल्यासारखे टिपके दिसतात, फिशफाइंडरवर लाल गोळेच्या गोळे, आणि आम्हाला एक स्ट्राइपर (स्ट्राइप्ड बास, अंगावर पट्टे असलेला मोठा मासा) लागायला तयार नाही. शेजारच्या बोटीवरचे आजोबा मात्र रॉड वाकवून बसलेले असतात, जाळं काढतात, मोजतात, सोडतात, परत रॉड वाकलेला. आम्ही पॅडल टेलवाली रबरी मासळी, पाण्यावरचे पॉपर, मोठे चमचे सगळं मारून बघितलं. गियर बरा आहे, ७ फुटी रॉड, ५००० चं रील, ३० पौंडी ब्रेड म्हणजे विणलेला दोरा. मग नक्की कुठं अडतंय? इथे कोणी स्ट्राइपरवाले आहेत का? की सगळे पापलेट-सुरमई विकत आणून खाणारेच आहेत :)

घाटावरचा
मी विकत आणून खाणारा. खुर्ची घेऊन बसलोय.

खाडीकर
आहे की. मी मूळचा अलिबागकडचा, आता न्यू जर्सीत, याच खाडीत फिरतो. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तुमचं गियर झकास आहे, त्यावर एक पैसाही घालू नका. आधी सांगा, बंकरचा गोळा दिसला की तुम्ही काय करता? माझा अंदाज सांगतो. दिसला रे दिसला की थ्रॉटल दाबून तिथे जाता, गोळ्याच्या डोक्यावर बोट उभी करता, आणि मग कास्ट मारायला लागता. विकेंडला ८० टक्के बोटी हेच करतात. अहो सगळी खाडी आठ-दहा-पंधरा-वीस फुटाची, वरून दीडशे हॉर्सपॉवर गेल्यावर बंकर खाली दबतो आणि त्याच्या खाली फिरणारा मोठा मासा बाजूला सरकतो. गोळा दिसला की लांबूनच वळसा घालायचा, वारा आणि पाणी बोटीला ज्या बाजूने ढकलेल त्या बाजूला वर जायचं, इंजिन बंद, आणि बोट आपोआप गोळ्याच्या कडेने वाहत जाऊ द्यायची. गोळ्याच्या मधोमध नाही, कडेने. मोठा स्ट्राइपर कळपाच्या खाली आणि कडेला असतो, मागे राहिलेला, लंगडणारा, जखमी बंकर उचलायला.

आणि दुसरं म्हणजे खाडीत दहा हजार जिवंत बंकर असताना त्याने तुमची रबरी मासळी का खावी? एप्रिलच्या शेवटापासून मे भर इथे जिवंत बंकरच चालतो. म्हणजे प्लग चालत नाहीत असं नाही, पहाटे, ढगाळ हवा, मासा वर उसळ्या मारतोय, तेव्हा पॉपरसारखी मजा नाही. पण दुपारी अकरा वाजता शांत पाण्यात बंकर तो बंकर.

नवा_तांडेल
दादा, तंतोतंत. थ्रॉटल दाबून जातो. जिवंत बंकर धरायचा कसा, पाग (फेकायचं जाळं) आपल्याला येत नाही.

खाडीकर
पाग नको, स्नॅग करा, म्हणजे गळ ओढून अंगात अडकवा. वजनवाला ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) मिळतो, शिसं ओतलेला. गोळ्याच्या पलीकडे टाकायचा, जरा बुडू द्यायचा, रॉड बाजूला सपकन ओढायचा. बंकर पाठीला नाहीतर पोटाला अडकतो. आता इथे नीट वाचा, कारण खूप लोकांना जुनी सवय आहे. पूर्वी तोच अडकलेला बंकर तसाच खाली सोडून द्यायचे आणि स्ट्राइपर त्याच ट्रेबलवर धरायचे. ते आता चालत नाही. २०२१ पासून स्ट्राइपरला आमिष लावून मासेमारी करायची तर इनलाइन सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोल गळ) पाहिजे. म्हणजे स्नॅग केलेला बंकर बोटीत घ्यायचा, ट्रेबल काढायचा, दुसऱ्या रॉडवर सर्कल हुक लावून मग सोडायचा. दोन रॉड तयार ठेवा, एक स्नॅगिंगचा, एक सोडायचा. नाहीतर बंकर हातात मरतो.

हुक नाकपुड्यांतून आडवा घाला, बोट वाहत असेल तर तो सरळ पोहतो. बोट नांगरलेली असेल तर पाठीच्या पराच्या मागे लावा, तो बोटीपासून लांब पळतो. लीडर (हुकाच्या अलीकडचा जाड दोरा) ४०-५० पौंडी फ्लोरोकार्बन, तीन-चार फूट. शिसं नको, फार तर पाण्याला ओढ असेल तर छोटं सरकतं शिसं.

आता लागण्याची गोष्ट. रील उघडं, अंगठा ब्रेडवर. बंकर निवांत पोहत असतो तेव्हा टोकाला बारीक टुकटुक लागते. मग एकदम तो वेडा होतो, रॉडचं टोक थरथरायला लागतं, कधी कधी बंकर पाण्यावरच उडी मारतो. म्हणजे मागे कोणीतरी आलंय. काही करायचं नाही. मग एक धपका, आणि लाइन सरळ निघते, थांबत नाही. तेव्हाही लगेच बंद करायचं नाही, स्ट्राइपर बंकर आडवा धरतो आणि मग डोक्याकडून गिळतो. तीन-चार सेकंद. मग रीलची बेल (दोरा मोकळा सोडणारी तार) बंद करायची आणि रॉड झटकायचा नाही. नुसतं वळवत राहायचं, लाइन घट्ट होत जाते, सर्कल हुक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. आपल्याकडे गळाला झटका मारायची सवय हाडात मुरलेली असते, ती इथे सोडा. झटका मारला की हुक तोंडातून सरळ बाहेर.

कोपऱ्यातला_खेकडा
वाचनखूण साठवली. असं लिहिणारे लोक म्हणून मी या साइटवर पडून आहे.

चार्ल्सकाठचा
बॉस्टनवरून अनुमोदन. आमच्याकडे बंकरला पोगी म्हणतात आणि तो उशिरा, जूनमध्ये येतो. स्ट्राइपर मे मध्ये येतो तेव्हा आधी बारीक मासा असतो, हार्बरमधल्या बेटांच्या आसपास. माझी बोट १६ फुटी, मी ट्यूब अँड वर्म ओढतो. लाल रबरी नळी दोन फूट लांब, तिच्या शेपटीच्या हुकवर जिवंत सँडवर्म, आणि बोट माणूस सावकाश चालतो त्याहून हळू. दगडांच्या कडेकडेने. दिसायला इतकं बिनडोक आहे की पहिल्यांदा लाज वाटते, पण मासा लागतो. कयाकवाले तर यावरच जगतात.

एक सांगायचं म्हणजे खाडीकर म्हणतात तो बंकर जिथे असेल तिथे देवमासाही असतो. २०२२ च्या जुलैमध्ये प्लिमथला पोगी खाणारा हंपबॅक उसळी मारून एका १९ फुटी बोटीच्या नाकावर पडला होता. नशिबाने कुणाला लागलं नाही, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. तेव्हा बंकर एकदम घट्ट गोळा होऊन वर यायला लागला, पाण्यावर बुडबुड्यांचं वर्तुळ दिसलं, तर मासा गेला खड्ड्यात, आधी बाजूला व्हा. न्यू जर्सीच्या किनाऱ्यालाही हे आता दर वर्षी आहे.

घाटावरचा
एक बेसिक प्रश्न. वर तांडेल म्हणाले की ते आजोबा मासा काढतात, मोजतात आणि सोडतात. मासा सोडायचाच तर पहाटे चारला उठून, दीडशे डॉलरचं पेट्रोल जाळून, बायकोच्या शिव्या खाऊन पकडायचा कशाला?

खाडीकर
कारण कायदा. समुद्र आणि खाडीतला स्ट्राइपर दिवसाला माणशी एक, आणि तोही २८ ते ३१ इंच. त्याच्या खालचा सोडा, वरचा सोडा. आधी न्यू जर्सीत २८ ते ३८ होतं, २०२३ च्या मे मध्ये तातडीने ३१ केलं आणि मग तेच कायम झालं. मे मध्ये रॅरिटनला जो मासा लागतो तो बऱ्याचदा ३६, ४०, ४२ इंची असतो. ती सगळी मोठी मादी. तुम्हाला मोठी लागली की सोडावीच लागते, वाद नाही. न्यू जर्सीत २४ ते २८ इंचाच्या आत एक जादा मासा बोनस परमिटवर ठेवता येतो, त्याचा अर्ज वेगळा. नियम मधल्या मध्ये बदलतात, निघायच्या आधी राज्याच्या साइटवर बघत जा.

घाटावरचा
म्हणजे मोठा लागला की दुःख.

चेसापीक_वहिनी
मेरिलंडवरून लिहितेय. दुःख कसलं हो. आमच्याकडे या माशाला रॉकफिश म्हणतात, राज्याचा मासा आहे, आणि त्याची हालत बघून पोटात कालवतं. अटलांटिकच्या किनाऱ्यावर जो स्ट्राइपर फिरतो, मेनपर्यंत, त्यातला बहुतेक जन्मतो चेसापीकला येऊन मिळणाऱ्या गोड्या नद्यांत. थोडा तुमच्या हडसनमध्ये, थोडा डेलावेअरमध्ये. मेरिलंड १९५४ पासून दर उन्हाळ्यात जाळं ओढून पिल्लं मोजतं. एका ओढीला सरासरी ११ च्या आसपास पिल्लं मिळायची. २०२३ ला १ मिळालं. २०२४ ला २. आणि २०१९ पासून एकही वर्ष सरासरीला पोचलेलं नाही. म्हणजे तुम्ही आज जो ४० इंची मासा बघता त्याच्या मागे रांगेत कोणी उभंच नाही.

हे एकदा होऊन गेलंय. सत्तरच्या शेवटी-ऐंशीत मासा संपत आला होता, १९८४ ला केंद्राला कायदा करावा लागला, आमच्याकडे १९८५ ते १९९० धरायलाच बंदी होती. मग परत वाढला, १९९५ ला पूर्ववत झाला म्हणून जाहीर केलं. तेव्हा बंदीने जमलं. आता उबदार हिवाळे आणि कोरडे वसंत, नदीत हवं तेव्हा गार पाणी नाही. आमच्याकडे मे मधला ट्रॉफी सीझन (मोठे मासे धरायचे दिवस) २०२४ पासून रद्दच केला.

पापलेट_प्रेमी
वहिनी, पण सगळा दोष गळवाल्यांना का? बंकर जो मासळीतेलासाठी ट्रॉलर भरभरून नेतात व्हर्जिनियात, त्याचं काय? स्ट्राइपरने खायचं काय?

चेसापीक_वहिनी
तो वाद खरा आहे आणि आमच्याकडे त्यावर घराघरात भांडणं आहेत. पण ट्रॉलर नव्हे, पर्स सीन, वेढा घालून उचलतात. वेगळा धागा काढा, मी येते. इथे तांडेल बिचारे मासा मागतायत.

खाडीकर
वहिनींच्या मुद्द्याला धरून, घाटावरच्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. सरकारी हिशोबात सोडलेल्यातले ९ टक्के मरतात असं धरतात, आणि सोडलेल्यांची संख्याच इतकी अफाट असते की ते ९ टक्के म्हणजे चेष्टा नाही. त्यामुळे सोडायची एक रीत आहे. बारीक लाइनवर तासभर दमवत बसायचं नाही, जड रॉड, पटकन आत. रबरी जाळीचं जाळं, सुती गाठीवालं नको, खवलं आणि वरचा चिकट थर जातो. गॅफ म्हणजे आकडा वापरायला बंदी आहे. मोठा मासा जबड्याला धरून उभा लोंबकळवायचा नाही, आतले अवयव त्या वजनाला बनलेले नसतात, एक हात जबड्याला आणि एक पोटाखाली. फोटो काढायचाय तर फोटोवाला आधी तयार, मासा तोपर्यंत जाळ्यात पाण्यातच. मग शेपटीला धरून पाण्यात उभा ठेवायचा, तो स्वतः झटका मारून सुटेपर्यंत. मे मध्ये पाणी गार असतं, बहुतेक जगतात. जुलैमध्ये पाणी ७० फॅरनहाइटच्या वर गेलं की मी स्ट्राइपर बंद करतो आणि फ्लूक (एक चपटा मासा) धरतो. हे माझं मत, कायदा नाही.

आणि विकायचा विचार कोणाच्या मनात असेल तर न्यू जर्सीत स्ट्राइपर विकता येत नाही. तीन मैलांच्या पलीकडे, केंद्राच्या पाण्यात, १९९० पासून धरायलाच बंदी आहे, सोडून देणार असलात तरी. खाडीच्या तोंडाशी सँडी हुक आहे, त्याच्या बाहेर गेलात तर चार्टप्लॉटरवर ती रेघ बघत जा.

सुरमई_काकू
मी धाग्याचं नाव बघून आले आणि अजून कोणी खायचं बोललं नाही! २८ ते ३१ इंची मासा साधारण नऊ-दहा-बारा पौंडाचा. पांढरं, घट्ट मांस, काटे मोठे, आपल्या जिताड्याच्या चवीच्या जवळ जातो. गोव्याकडच्यांनी चणक समजा. खाडीत, खाऱ्या-गोड्यात वाढलेले दोघेही, म्हणून असेल.

तुकडे जाड काढा, बोटभर. आलं-लसूण-कोथिंबीर-मिरचीचं वाटण, हळद, मीठ, कोकमाचं आगळ, अर्धा तास. मग लाल तिखट लावून रवा-तांदळाचं पीठ, आणि लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर. मोठी आच केली तर वरून काळं आणि मधे कच्चं, कारण तुकडा जाड असतो. डोकं टाकू नका, डोक्याचं ओल्या खोबऱ्याचं कालवण अप्रतिम होतं. फक्त बांगड्यासारखं तिरफळ घालून नका करू, या माशाला तेवढं तेल नाही, फिका पडतो.

पण हे वाचा. हडसन आणि रॅरिटनच्या माशात पीसीबी नावाचं विषारी रसायन आहे, हडसनच्या वरच्या भागात कारखान्यांनी वर्षानुवर्षं सोडलेलं. गरोदर बायका आणि लहान मुलांनी या बंदरातला स्ट्राइपर खाऊच नये असं राज्य सांगतं, बाकीच्यांनी अगदी मोजका. ते चरबीत साठतं. म्हणून कातडी काढायची, पोटाकडची पट्टी काढून टाकायची, आणि मधली ती गडद लालसर पट्टी असते ना, कडेने जाणारी, तीही सुरीने व्ही आकारात काढून टाकायची. चवीलाही ती उग्रच लागते. मी आमच्या सुनेला दिवस होते तेव्हा घरात आणलाच नाही.

घाटावरचा
काकू, पहिला परिच्छेद वाचून गाडी काढत होतो, तिसरा वाचून परत बसलो.

कोपऱ्यातला_खेकडा
अवांतर: जिताड्याचं उलटं असतं ना पण? जिताडा अंडी घालायला गोड्याकडून खाऱ्यात येतो आणि स्ट्राइपर खाऱ्यातून गोड्यात चढतो. पेणकडे खारभूमीतल्या तळ्यांत जिताडा पाळतात ते पिल्लू खाडीतून आलेलं असतं.

खाडीकर
बरोबर. आणि त्यामुळेच वसंतात सगळी गर्दी रॅरिटनला का असते ते कळतं. हडसनमध्ये चढणारा मासा बाहेर थांबतो, खाऊन घेतो, चढतो, अंडी घालून परत येतो आणि परत खातो. शिवाय चेसापीककडून वर निघालेला मासा इथूनच जातो. मार्चमध्ये खाडीचा आतला, पश्चिमेकडचा उथळ चिखलाचा भाग आधी तापतो, तिथे बारीक मासा वर्मवर लागतो. पाणी ५० फॅरनहाइटच्या वर गेलं, बंकर आत शिरला, की मोठे. जून लागला की बाहेर समुद्राच्या अंगाला आणि मग उत्तरेला चार्ल्सकाठच्यांकडे. ऑक्टोबर ते डिसेंबर परत खाली उतरताना.

नवा_तांडेल
शनिवारी गेलो होतो. दादांनी सांगितलं तसं लांबून वळसा, इंजिन बंद, स्नॅग करून सर्कल हुकवर बंकर नाकातून. कीन्सबर्गच्या समोर. मित्राचा बंकर आधी थरथरला, मग लाइन पळायला लागली, हा आपला हात थरथरत "बंद करू का, बंद करू का", मी म्हटलं थांब. ३७ इंच! फोटो मित्राच्या फोनमध्ये आहे, टाकतो. सोडला, शेपूट मारून माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला. मग मला एक २९ चा. तो घरी आला. काकूंच्या पद्धतीने आज.

एक शंका. दुपारी एकच्या सुमाराला सगळं बंद पडलं. बंकर तिथेच, बोटी तिथेच, कोणालाच काही नाही. अडीचला परत सुरू. असं का?

खाडीकर
जियो!! फोटो टाका.

पाणी थांबलं होतं. वेळ बघा, एकला तुमच्याकडे भरती पूर्ण झाली असणार. भरती-ओहोटीच्या मधे पाणी उभं राहिलं की मासाही उभा राहतो. पाणी वाहायला लागलं की तोंड वाहत्या पाण्याकडे करून खायला लागतो. मला विचाराल तर इथे बंकर, रॉड, रील या सगळ्याच्या आधी पाण्याचं तोंड. घरातून निघायची वेळ घड्याळावर नाही, टाइड टेबलवर ठरवायची. इथे चढउतार साधारण पाच फुटी, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त, भांगाला कमी. मला उतरतं पाणी आवडतं, चॅनलच्या कडेला, जिथे उथळातून पाणी खोलात पडतं. उथळावरचा बंकर त्या कडेवर येतो आणि खाली वाट बघणारे असतातच.

एक धोक्याची गोष्ट मात्र. अर्लचा नेव्हीचा जो लांबच लांब धक्का खाडीत आलाय लिओनार्डोजवळ, तिथे मासा असतो हे खरं, पण त्याच्याभोवती सुरक्षा क्षेत्र आहे. आत जाऊ नका. पेट्रोल बोट येते आणि ते गप्पा मारायला येत नाहीत.

नवा_तांडेल
या शनिवारी पूर्वेचा वारा १५-२० नॉट दाखवतोय. खाडीच्या आतच राहिलो तर चालेल ना? भीती नाही वाटत आता.

खाडीकर
नाही. भीती वाटायला पाहिजे. रॅरिटनचं तोंड पूर्वेला उघडं आहे, पूर्वेचा वारा थेट समुद्रातून आत येतो, आणि उतरतं पाणी त्याच्या उलट बाहेर जात असतं. वारा आणि पाणी समोरासमोर आले की उथळ खाडीत लाटा लांब नाही होत, उभ्या होतात, एकामागोमाग एक, आणि १८ फुटी बोटीचं नाक एकीतून वर येतं न येतं तोवर पुढच्यात. स्मॉल क्राफ्ट अॅडव्हायजरी (छोट्या बोटींसाठीचा हवामानाचा इशारा) लागली असेल तर विषयच संपला. मे मध्ये हवेत टी-शर्ट चालतो पण पाणी पन्नाशीत (फॅरनहाइट) असतं, पडलात तर पहिल्या मिनिटातच श्वास हातातून जातो. लाइफ जॅकेट सीटखाली नाही, अंगात. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना तर कायद्यानेच. किल स्विचची (पडलात तर इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला अडकवलेली, तोही २०२१ पासून केंद्राचा नियम आहे लहान बोटींना. व्हीएचएफ रेडिओ आणीबाणीच्या १६ नंबर चॅनलवर लावलेला, फोनवर विसंबू नका.

रविवारी वायव्येचा हलका दाखवतोय, तेव्हा जा. मीही असेन.

घाटावरचा
रविवारी एक जागा आहे का बोटीवर? मला पोहता येत नाही, मासा ओळखता येत नाही, पण डबा चांगला आणतो. लायसन लागतं का?

खाडीकर
न्यू जर्सीत खाऱ्या पाण्याला फी नाही, पण फुकटचं रजिस्ट्रेशन आहे, सॉल्टवॉटर रजिस्ट्री, ऑनलाइन पाच मिनिटं. ते करून प्रिंट घेऊन या.

चार्ल्सकाठचा
आमच्याकडे परमिट लागतं, पैसे भरून. उगाच मॅसॅच्युसेट्सला रजिस्ट्रीचा कागद घेऊन याल.

नवा_तांडेल
घाटावरचे, या. सकाळी नऊला कीपोर्टच्या रॅम्पवर, पाणी तेव्हा उतरतं असेल. लाइफ जॅकेटचा साइज सांगा. डब्यात केळी नको, मित्र म्हणतो बोटीवर केळं अपशकुन असतो.

घाटावरचा
एक्सएल. केळीची शिकरण चालेल का?

सुरमई_काकू
त्यापेक्षा थालीपीठं आणा. आणि मासा लागला तर कालवणाला डोकं जपून आणा, फिश मार्केटवाला देतो तसं कचऱ्यात नको.